जॉन कीगन यांची युद्धविषयक पुस्तके: कोणत्या क्रमाने वाचावीत आणि कशी वाचावीत

लष्करी इतिहास नव्याने वाचू लागलेल्या माणसाच्या हाती बहुधा दोन प्रकारची पुस्तके प्रथम येतात. एका प्रकारात बाण काढलेले नकाशे, पलटणींचे क्रमांक आणि सेनापतींच्या हालचाली असतात. दुसऱ्या प्रकारात पराक्रमाची वर्णने असतात आणि शत्रूची दाणादाण उडाली, एवढ्या एका वाक्यात दोन-तीन तासांची कत्तल उरकलेली असते. दोन्ही प्रकार वाचून झाले तरी रणांगणावर उभ्या असलेल्या साध्या शिपायाला काय दिसत होते, तो का टिकून राहिला आणि कोणत्या क्षणी मोडला, हे कळत नाही. इंग्रज इतिहासकार सर जॉन कीगन यांनी हाच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. लढणारा माणूस, त्याला लढवणारा सेनापती, समुद्रावरचे युद्ध आणि अखेरीस युद्ध ही गोष्टच, असा त्यांच्या चार प्रमुख पुस्तकांचा प्रवास आहे. ती याच क्रमाने वाचावीत असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकात शिकलेला प्रश्न पुढे नेते.

वाचायला बसण्यापूर्वी

लेखकाविषयी थोडी माहिती आधी असावी. कीगन यांचा जन्म १५ मे १९३४ रोजी लंडनमध्ये झाला. तेराव्या वर्षी त्यांना हाडांचा क्षय झाला, पौगंडातील बराच काळ रुग्णालयात गेला आणि एक पाय कायमचा अधू झाला, त्यामुळे सैन्यात जाण्याचा मार्ग बंद झाला. ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १९६० मध्ये ते सँडहर्स्ट येथील लष्करी अकादमीत इतिहासाचे अध्यापक झाले आणि पुढची सव्वीस वर्षे त्यांनी होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांना शिकवले. १९८६ मध्ये ते ‘द डेली टेलिग्राफ’ या दैनिकात संरक्षणविषयक लेखन करू लागले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतः कधीही लढाई न पाहिलेला शिक्षक आणि उद्या कदाचित लढाईत उतरणारे विद्यार्थी, या नात्यातून त्यांचे पहिले मोठे पुस्तक जन्माला आले. वर्गातल्या तरुणांच्या मनात, आपण त्या जागी असतो तर कसे वागलो असतो, हा न विचारलेला प्रश्न असतो आणि पाठ्यपुस्तकांत त्याचे उत्तर नसते, ही अस्वस्थता त्यांच्या लेखनात सतत जाणवते.

साधने फार लागत नाहीत. एक वही आणि उपग्रहचित्रे दाखवणारा कोणताही नकाशा पुरेसा आहे. कीगन जमिनीविषयी फार बारकाईने लिहितात, परंतु त्यांच्या पुस्तकांतले नकाशे कमी आणि लहान असतात, म्हणून प्रत्येक प्रकरण सुरू करण्यापूर्वी ती जागा नकाशावर शोधून चढ, उतार, झाडी आणि रस्ते पाहून घ्यावेत. वॉटर्लूच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. तिथे आज दिसणारी सिंहाची टेकडी लढाईनंतर, १८२० च्या दशकात उभारली गेली आणि तिच्यासाठी लागणारी माती इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या फौजेच्या उंचवट्यावरूनच काढण्यात आली. त्यामुळे ज्या कण्याआड त्याने आपले पायदळ झाकले होते, तो कणा आज १८१५ मध्ये होता तसा राहिलेला नाही.

कीगन यांचे इंग्रजी वळणदार आहे आणि त्यांची वाक्ये लांब असतात. एका बैठकीत वीस-पंचवीस पाने, हा वेग नव्या वाचकाला झेपतो. अंतरे यार्डांत दिलेली असतात. एक यार्ड म्हणजे मीटरहून थोडे कमी, एवढे लक्षात ठेवले की काम भागते.

पहिला टप्पा: ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६)

पानिपतची बातमी पुण्याकडे निघाली तेव्हा दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाचा सांकेतिक मजकूर होता, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. मोत्यांची आणि मोहरांची चरित्रे आपल्याकडे भरपूर लिहिली गेली. ‘द फेस ऑफ बॅटल’ हे पुस्तक त्या खुर्द्याविषयी आहे. १४१५ मधील अ‍ॅजिनकोर्ट, १८१५ मधील वॉटर्लू आणि १९१६ मधील सोम या तीन लढाया त्यात निवडल्या आहेत. तिन्ही लढाया परस्परांपासून फार दूर नसलेल्या भूभागात झाल्या आणि तिन्हींत इंग्रज फौज होती, त्यामुळे शस्त्र बदलले की माणसाचा अनुभव कसा बदलतो हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नये, असे मी नव्या वाचकाला मुद्दाम सांगतो. पहिले प्रकरण लष्करी इतिहास आजवर कसा लिहिला गेला याची चिकित्सा करते. ते अतिशय मोलाचे आहे, परंतु ज्याने अजून तशी पुस्तके वाचलेली नाहीत त्याला ते जड जाते आणि पुष्कळजण तिथेच पुस्तक मिटून ठेवतात. प्रथम अ‍ॅजिनकोर्टचे प्रकरण घ्यावे, मग वॉटर्लू, मग सोम आणि त्यानंतर पहिल्या प्रकरणाकडे परत यावे. तोपर्यंत कीगन कशाविरुद्ध तक्रार करत आहेत हे वाचकाला स्वतःच उमगलेले असते.

अ‍ॅजिनकोर्टचे प्रकरण दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात केवळ घटनाक्रम समजून घ्यावा. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी दोन रानांच्या मधल्या अरुंद, नुकत्याच नांगरलेल्या आणि पावसाने चिखल झालेल्या शेतात इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याची थकलेली फौज उभी होती. तिच्यात धनुर्धारी फार आणि चिलखती योद्धे थोडे होते. धनुर्धाऱ्यांनी टोकदार खुंट जमिनीत तिरपे रोवले होते. फ्रेंच घोडदळाचा पहिला हल्ला फसला, मग चिलखत घातलेले फ्रेंच सरदार पायी चालून आले, मधोमध दाटले, मागून येणाऱ्यांच्या रेट्याने पुढचे पडले आणि धनुर्धारी धनुष्ये टाकून कुऱ्हाडी व घण घेऊन त्यांच्यावर तुटून पडले.

दुसऱ्या वाचनात वहीत पाच प्रश्न लिहून घ्यावेत आणि प्रत्येक पानाला ते विचारावेत. समोरासमोरच्या माणसांत किती अंतर होते? ते ओलांडायला किती वेळ लागत होता? त्या माणसाचे शरीर कोणत्या अवस्थेत होते, म्हणजे तो जेवला होता का, झोपला होता का, भिजला होता का? त्याला प्रत्यक्षात काय दिसत आणि ऐकू येत होते? आणि तो पळून का गेला नाही? हे प्रश्न या शब्दांत कीगन यांनी कुठे मांडलेले नाहीत, त्यांच्या लेखनातून मी ते काढले आहेत. परंतु ते हातात असले की त्यांची पद्धत उघडी पडते.

उदाहरणादाखल एकच जागा जवळून पाहावी. जुन्या वृत्तांतांत फ्रेंचांच्या मृतदेहांचे माणसाच्या उंचीहून उंच ढीग पडले आणि त्यांवर चढून इंग्रज लढले, असे सांगितले जाते. कीगन हे मान्य करत नाहीत. बेल्सेन छळछावणीतील सामूहिक दफनाचे चित्रीकरण ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की मृतदेह भिंतीसारखे रचले जात नाहीत, ते पसरतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पंधराव्या शतकातील एका दाव्याची तपासणी विसाव्या शतकातल्या त्या भयंकर पुराव्याने करण्याचे हे धाडस आहे आणि ते करताना त्यांचा स्वर कुठेही चढत नाही. याच प्रकरणात, हेन्रीच्या आज्ञेवरून दोनशे धनुर्धाऱ्यांनी हजारो कैद्यांना मारले, या प्रसंगाचीही ते अशीच उलटतपासणी करतात. दोनशे माणसांना एवढी कत्तल करायला किती वेळ लागेल, ती चालू असताना बाकीचे कैदी स्वस्थ कसे राहतील, हे ते विचारतात आणि त्या आज्ञेचा हेतू बराचसा धाक दाखवण्याचा असावा या निष्कर्षाकडे झुकतात. तो निष्कर्ष पटो वा न पटो, प्रश्न कसा विचारला ते शिकण्यासारखे आहे.

वॉटर्लूच्या प्रकरणात घोडदळ आणि पायदळाचा चौकोन, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभी राहिलेली पलटण, यांची गाठ हा गाभा आहे. चित्रांमध्ये घोडे संगिनींच्या भिंतीवर आदळताना दाखवतात. वास्तवात घोडा अशा भिंतीवर स्वतःहून उडी घेत नाही, तो थांबतो किंवा बाजूने वळतो. १८१२ मध्ये स्पेनमधील गार्सिया हर्नांदेस येथे फ्रेंचांचा चौकोन फुटला, तो मरता घोडा स्वारासह त्याच्या अंगावर कोसळल्यामुळे. वॉटर्लूच्या दुपारी नेपोलियनचा सेनानी मार्शल ने याच्या घोडदळाने वारंवार चाल केली आणि एकही ब्रिटिश चौकोन फुटला नाही. चौकोनात उभ्या असलेल्यांना खरा मारा तोफांचा होता. सत्ताविसाव्या, म्हणजे इनिस्किलिंग पलटणीची निम्म्याहून अधिक माणसे चौकोनात उभी असतानाच पडली किंवा जखमी झाली, ती तोफा-बंदुकांनी. आदल्या रात्री ही माणसे मुसळधार पावसात उघड्यावर निजली होती, अनेकांच्या पोटात धड काही नव्हते आणि धुरामुळे थोड्या अंतरावरचेही दिसत नव्हते. पाच प्रश्नांची उत्तरे इथे जवळजवळ प्रत्येक पानावर सापडतात.

सोमचे प्रकरण वाचण्यापूर्वी दोन आकडे लिहून ठेवावेत. १ जुलै १९१६ या एका दिवशी ब्रिटिश फौजेचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. आठवडाभर तोफांचा भडिमार केल्यानंतरही असे का व्हावे, याचे कीगन यांनी दिलेले उत्तर अगदी यांत्रिक आहे आणि म्हणूनच अंगावर येते. तोफगोळ्याच्या वजनातला मोठा भाग पोलादी कवचाचा असतो, स्फोटक त्यामानाने थोडे. डागलेल्या गोळ्यांपैकी पुष्कळसे काटेरी तारा तोडण्यासाठी वापरलेले छर्ऱ्यांचे होते. जर्मन सैनिक जमिनीखाली खोल खणलेल्या विवरांत बसून राहिले. सकाळी साडेसातला भडिमार पुढे सरकला त्या क्षणी शर्यत सुरू झाली. ब्रिटिशांना मधली मोकळी जमीन ओलांडायची होती आणि जर्मनांना पायऱ्या चढून मशिनगन मांडायची होती. बहुतेक ठिकाणी जर्मन आधी पोहोचले.

तिन्ही प्रकरणे झाली की स्वतःच्या माहितीतली एखादी लढाई घेऊन सराव करावा. पानिपतावरचे कोणतेही वर्णन त्यासाठी चालेल. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी बाहेर पडलेल्या शिपायाला किती दिवसांची उपासमार होती, घोड्यांच्या अंगात किती दौडीचे बळ उरले होते, विश्वासराव पडल्याची बातमी त्या गोंगाटात किती दूर आणि किती वेळात जाऊ शकत होती, हे विचारू लागले की वाचलेल्या वर्णनांतले कोणते वाक्य पुराव्यावर उभे आहे आणि कोणते नुसत्या सवयीने लिहिले गेले आहे, ते निराळे काढता येते.

दुसरा टप्पा: ‘द मास्क ऑफ कमांड’ (१९८७)

शिपाई समजल्यावर सेनापतीकडे वळावे. या पुस्तकात अलेक्झांडर, वेलिंग्टन, अमेरिकन यादवीतला युलिसिस ग्रँट आणि हिटलर अशी चार माणसे आहेत. चौघांना मोजण्यासाठी एकच माप लावले आहे. सेनापतीने आघाडीवर असावे ते नेहमी, कधीकधी, की कधीच नाही? अलेक्झांडरचे उत्तर ‘नेहमी’, वेलिंग्टनचे आणि ग्रँटचे ‘कधीकधी’, हिटलरचे प्रत्यक्षातले ‘कधीच नाही’. सेनापती फौजेसमोर एक मुखवटा धारण करतो, त्याच्या काळातील समाजाला जसा नेता हवा असतो तसा तो दिसतो, असे पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकाने वेलिंग्टनपासून सुरुवात करावी. वॉटर्लूचा हा विजेता आर्थर वेलस्ली म्हणून आपल्याच मुलखात सेनापती झाला. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली, २९ नोव्हेंबरला अडगावची आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची प्रचंड फौज, तिच्यातील पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती पलटणे आणि शंभरच्या आसपास तोफा केळणा नदीच्या पलीकडे आहेत हे वेलस्लीला कळले तेव्हा त्याची अर्धी फौज दुसऱ्या वाटेने येत होती आणि हाताशी काही हजारच माणसे होती. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे होते. दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर वस्ती आहे, हे वेलस्लीने पाहिले आणि दोन गावे अशी वसली असतील तर त्यांच्यामध्ये जाण्या-येण्याचा उतार असलाच पाहिजे असा तर्क केला. उतार होता. तिथून फौज पार करून त्याने शिंद्यांच्या बगलेवर चाल केली. पोलमननेही आपली कवायती पलटणे शिस्तीत फिरवून नवी आघाडी उभी केली आणि त्यांच्या तोफांनी इंग्रज फौजेचे भयंकर नुकसान केले. हाताशी असलेल्या माणसांपैकी दीड हजारांहून अधिक मृत वा जखमी झाले. वेलस्लीचा डायोमेड नावाचा घोडा भाल्याने घायाळ झाला. उतारवयातही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला वेलिंग्टन असईचे नाव घेत असे.

हे प्रकरण वाचताना तीन रकान्यांचा एक तक्ता करावा. सेनापती कुठे उभा होता, त्याला तिथून काय दिसत होते आणि त्याची आज्ञा खालपर्यंत कशी पोहोचत होती. वेलिंग्टनच्या पुढे घोडा, दुर्बीण आणि पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या येतील. अलेक्झांडरच्या पुढे स्वतःचे शरीरच येईल, कारण मल्लींच्या गढीच्या तटावरून आत उडी घेऊन छातीत बाण झेलणे हीच त्याची आज्ञा होती. ग्रँटच्या पुढे तारयंत्र, आगगाडी आणि कमालीचे स्वच्छ लेखी हुकूम येतील. हिटलरच्या पुढे आघाडीपासून शेकडो मैल दूर रास्टेनबुर्गच्या जंगलातले मुख्यालय, दूरध्वनी आणि नकाशे येतील. पहिल्या महायुद्धात निरोप्याचे काम करून शौर्यपदक मिळवलेला हा माणूस आपल्या जुन्या अनुभवाच्या भांडवलावर लाखो शिपायांना मागे न हटण्याचे हुकूम देत राहिला. तक्ता पूर्ण झाला की पुस्तकाचा सारा युक्तिवाद एका पानावर दिसतो.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. कीगन यांचे लक्ष वेलिंग्टनवर आहे, त्यामुळे असईत समोर उभे असलेले शिपाई त्यांच्या पुस्तकात दुरूनच दिसतात. पहिल्या पुस्तकात ज्या लेखकाने आपल्याला शिपायाकडे पाहायला शिकवले, त्याच्याच पद्धतीने शिंद्यांच्या तोफांवर अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांविषयी प्रश्न विचारण्याचे काम मराठी वाचकाचे आहे. त्यासाठी असईला जाऊन केळणा आणि जुई या नद्यांमधली जमीन पायाखाली घालता आली तर उत्तम.

तिसरा टप्पा: ‘द प्राइस ऑफ अ‍ॅडमिरल्टी’ (१९८८)

समुद्राचे पुस्तक सर्वांत कठीण जाते, कारण समुद्रावर चढ-उतार, रान, ओढा असे धरायला काहीच नसते. जमिनीची जागा इथे वारा, धूर, दृष्टीचा पल्ला आणि वेग घेतात. म्हणून प्रत्येक लढाईच्या आधी चार गोष्टी लिहाव्यात: जहाज कशाच्या बळावर चालत होते, शत्रू किती दूरवरून दिसत होता, मारा किती दूर जात होता आणि एका जहाजातून दुसऱ्या जहाजाला निरोप कसा जात होता.

२१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरमध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची २७ मोठी लढाऊ गलबते फ्रेंच-स्पॅनिश आरमाराच्या ३३ गलबतांवर दोन रांगांनी चालून गेली. वारा इतका मंद होता की ही चाल माणसाच्या चालण्याच्या वेगाने झाली आणि पुढच्या गलबतांना बराच वेळ उलट मारा न करता शत्रूचा मारा सोसावा लागला. एकदा भिडल्यावर गलबते एकमेकांना चिकटून लढली. नेल्सनला लागलेली गोळी शेजारच्या फ्रेंच गलबताच्या डोलकाठीवरून आली होती, यावरून अंतराची कल्पना येते.

१९१६ ची जटलंडची लढाई ओळीने वाचून समजत नाही. कागदावर वेळेची उभी रेघ मारून ३१ मेच्या दुपारपासून १ जूनच्या पहाटेपर्यंत प्रत्येक घटना तिच्यावर मांडावी. दोन्ही बाजू मिळून अडीचशे जहाजे, मैलोगणती अंतरावरून होणारा मारा, कोळशाचा धूर आणि सायंकाळचा धूसर उजेड, यांत जेलिको आणि बीटी या ब्रिटिश सेनानींना एकमेकांची जागासुद्धा नीट कळत नव्हती. ब्रिटिशांची १४ जहाजे बुडाली, जर्मनांची ११. ब्रिटिशांचे सहा हजारांहून अधिक खलाशी मेले, जर्मनांचे अडीच हजारांहून थोडे अधिक. ‘इनडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इनव्हिन्सिबल’ या तीन प्रचंड युद्धनौका दारूगोळ्याच्या स्फोटाने फुटल्या आणि त्यांवरची जवळजवळ सारी माणसे काही मिनिटांत नाहीशी झाली. बीटीची ‘लायन’ मात्र वाचली, कारण तोफेच्या मनोऱ्यात मरणासन्न अवस्थेत असलेल्या मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला होता.

४ जून १९४२ पासून झालेल्या मिडवेच्या लढाईत जपानच्या ‘अकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ या चार विमानवाहू नौका बुडाल्या. या प्रकरणाबाबत नव्या वाचकाने सावध राहावे. कीगन लिहीत होते त्या काळात, अमेरिकन विमाने तुटून पडली तेव्हा जपानी नौकांच्या धावपट्टीवर हल्ल्यासाठी सज्ज विमाने उभी होती आणि पाच मिनिटांचा उशीर घातक ठरला, हे चित्र रूढ होते. २००५ मध्ये जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांनी जपानी नोंदी तपासून दाखवले की ती विमाने बहुतांशी खालच्या मजल्यांवर होती आणि उड्डाणाला अजून बराच अवकाश होता. शेवटची लढाई अटलांटिकमधल्या मालवाहू ताफ्यांची आहे. मार्च १९४३ मध्ये दोन ताफ्यांवर जर्मन पाणबुड्यांनी झडप घालून वीसहून अधिक जहाजे बुडवली आणि त्यानंतर दोनच महिन्यांत पारडे फिरून जर्मन नौदलाला आपल्या पाणबुड्या मागे घ्याव्या लागल्या. मला हे प्रकरण पुस्तकातले सर्वोत्तम वाटते, कारण इथे शत्रू दिसतच नाही आणि कीगन यांचा जुना प्रश्न, माणूस टिकून का राहतो, एका व्यापारी जहाजाच्या इंजिनखोलीत जाऊन पोहोचतो.

पुढच्या काळातील समुद्रावर सत्ता पाणबुडीची असेल, असा या पुस्तकाचा निष्कर्ष आहे. फॉकलंडच्या युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ बुडवली, हा त्याचा ताजा दाखला होता. आपल्या वाचकाने त्याशेजारी ९ डिसेंबर १९७१ ची रात्र ठेवावी. दीवच्या जवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने भारतीय नौदलाची ‘खुकरी’ बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज न सोडता जलसमाधी स्वीकारली.

चौथा टप्पा: ‘अ हिस्टरी ऑफ वॉरफेअर’ (१९९३)

हे पुस्तक अनेकजण नावामुळे प्रथम उचलतात आणि अडकतात, कारण ते युद्धांचा क्रमवार इतिहास सांगत नाही. युद्ध हे राजकारणाचेच पुढचे पाऊल आहे, या क्लाउझविट्झ या प्रशियन युद्धचिंतकाच्या प्रसिद्ध मताला ते खोडून काढू पाहते. युद्ध ही प्रत्येक समाजाची संस्कृती असते, असे कीगन म्हणतात आणि त्यासाठी ईस्टर बेट, झुलू, इजिप्तचे गुलाम-योद्धे मामलुक आणि सामुराई अशी उदाहरणे घेतात. दगड, मांस, लोखंड आणि आग अशी त्यांच्या मुख्य प्रकरणांची नावे आहेत आणि त्यांच्या मधे चार छोटे निबंध आहेत: युद्धाला निसर्गाने घातलेल्या मर्यादा, तटबंदी, फौजेचे प्रकार आणि रसद. नव्या वाचकाने हे चार निबंध आधी वाचावेत. मर्यादांच्या निबंधात ते दाखवतात की पृथ्वीच्या फार थोड्या भागावर लढाया झाल्या आणि त्या त्याच त्या जागी झाल्या. तुर्कस्तानातील एदिर्ने, म्हणजे जुने एड्रियानोपल, येथे पंधरा लढाया किंवा वेढे नोंदले गेले आहेत. १५२६, १५५६ आणि १७६१ या तीन वर्षी पानिपतच का, याचा भौगोलिक विचार करायला हा निबंध उपयोगी पडतो.

मुख्य प्रकरणे वाचताना दोन उणिवा दिसतील. भारतीय उपखंडाच्या वाट्याला फार थोडी पाने आली आहेत. आणि क्लाउझविट्झवरची टीका एकांगी आहे, त्याच्या ग्रंथातले अनेक पदर कीगन यांनी सपाट केले, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो मला बऱ्याच अंशी रास्त वाटतो. तरीही घोडा आणि रथ यांनी स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियातील गवताळ, मैदानांतून येऊन स्थिर राज्यांचे काय केले, याविषयीची पाने इतकी जिवंत आहेत की त्यांच्यासाठी पुस्तक वाचावेच.

त्यानंतर

चार पुस्तके झाल्यावर ‘सिक्स आर्मीज इन नॉर्मंडी’ (१९८२) घ्यावे. १९४४ च्या उन्हाळ्यातील एकाच मोहिमेकडे निरनिराळ्या देशांच्या फौजांच्या नजरेतून पाहणारे हे पुस्तक पहिल्या पुस्तकाची पद्धत मोठ्या पटावर वापरते. पहिल्या महायुद्धावरचे १९९८ चे पुस्तक एका खंडात चांगला आढावा देते. उतारवयात लिहिलेले अमेरिकन यादवीवरचे २००९ चे पुस्तक मात्र सुरुवातीला घेऊ नये, कारण त्यात तपशिलाच्या चुका बऱ्याच आहेत, असे त्या विषयाच्या जाणकारांनी दाखवून दिले आहे. २००३ च्या इराक युद्धावरचे पुस्तक वाचणाऱ्याने कीगन त्या कारवाईचे समर्थक होते हे आधी माहीत करून घ्यावे. जुन्या लढाईची उलटतपासणी करणारा इतिहासकार आणि चालू युद्धावर मत देणारा पत्रकार, या दोन भूमिका त्यांच्या लेखनात वेगळ्या ओळखाव्या लागतात.

शेवटी अ‍ॅजिनकोर्टकडे परत यावे आणि या वेळी सोबत अ‍ॅन करी यांचे संशोधन घ्यावे. त्यांनी २००५ मध्ये दोन्ही बाजूंच्या पगारपत्रकांचा आणि हजेऱ्यांचा अभ्यास करून मांडले की फ्रेंचांची संख्या परंपरेने सांगितली जाते त्याहून फार कमी, सुमारे बारा हजार, आणि इंग्रजांची थोडी अधिक, सुमारे नऊ हजार असावी. हे आकडे खरे धरले तर कीगन यांच्या वर्णनातील दाटी, रेटा आणि एकमेकांवर कोसळणारी माणसे यांचा हिशेब पुन्हा करावा लागतो. त्या अरुंद शेताची रुंदी घ्यावी, एका चिलखती माणसाला शस्त्र चालवायला किती जागा लागते ते धरावे, किती रांगा होतील ते काढावे आणि मग त्यांच्या प्रकरणातील कोणती वाक्ये नव्या संख्येनंतरही टिकतात, कोणती टिकत नाहीत, याची समासात खूण करत पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे.